गावचे माळीआबा गेल्यावर काय करायचं: आधी पाणी, मग फोटो

प्रत्येक गावात एखादा तरी म्हातारा असतो ज्याने आयुष्यभर झाडं लावली, जगवली आणि वाटली. तो गेला की सगळ्यांनाच त्याच्यासाठी काहीतरी करावंसं वाटतं आणि ते वाटणं अगदी आतून असतं, पण नेमकं काय करायचं ते सुचत नाही म्हणून चौकात फ्लेक्स लागतो, शोकसभा होते, चारजण बोलतात, डोळे पुसतात, आणि तेवढ्या पंधरा दिवसात त्याच माणसाची बाग पाण्याविना वाळून जाते. आमच्या गावात हे झालंय म्हणून लिहितोय. नंतर आम्ही जे सावरलं ते कसं केलं ते सगळं सांगतो, तुमच्या गावात असे कोणी असतील तर उपयोगी पडेल.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातलं. आबा ८४ वर्षांचे होते, शिमगा झाल्यावर गेले, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. शाळेची बाग, देवळामागची फुलझाडं आणि घरामागचा दीडेक गुंठ्याचा तुकडा एवढं त्यांचं राज्य. त्यांची एक पद्धत होती, ती आधी सांगतो कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आबा रोप कधी विकायचे नाहीत आणि फुकटही द्यायचे नाहीत, ते उसनं द्यायचे. आपण शेजारून वाटीभर साखर उसनी आणतो ना, तसंच. घेवड्याचं मूठभर बी नेलं की पुढच्या दसऱ्याला मूठभर परत आणून द्यायचं, गुलाबाची काडी नेली की ती वाढल्यावर एक काडी परत. कोणी विसरलं तर रागवायचे नाहीत पण पाराजवळ गाठ पडली की विचारायचे, "माझं उसनं काय म्हणतंय?" त्यामुळे गावातल्या जवळपास प्रत्येक घरात आबांचं काहीतरी होतं, आणि हीच गोष्ट शेवटी कामाला आली.

तर पहिलं काम, अगदी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करायचं काम, म्हणजे पाण्याची पाळी लावणं. घरचे लोक दुःखात असतात, पै-पाहुणे असतात, दहावं-तेरावं असतं, बागेकडे जायला कोणाला भान नसतं आणि तशी अपेक्षाही करू नये. गावातल्या सहा-सात जणांनी वार वाटून घ्यायचे, व्हॉट्सॲपवर ग्रुप करायचा पण फक्त पाण्याचा, त्यात गुड मॉर्निंग नको, फक्त "आज घातलं" एवढं टाकायचं. आम्ही हे केलं नाही. आम्ही फ्लेक्ससाठी वर्गणी काढली. तेराव्याला मी मागच्या अंगणात गेलो तर कुंडीतले गुलाब काड्या झाले होते, मोगरा गेला होता, आणि मांडवावरच्या जाईची पानं हात लावला की चुरा होऊन पडत होती. आज्जी, म्हणजे आबांच्या पत्नी, दारात बसल्या होत्या. मी म्हणालो आज्जी आबांचा मोठा फोटो करून शाळेत लावतोय आम्ही, तर त्या एवढंच म्हणाल्या, "फोटूला हार घालाय समदी येतील पोरा, जाईला पाणी कोण घालणार?" त्या दिवशी संध्याकाळी पहिली घागर ओतली. जाई बुडातून फुटली, सव्वा महिन्याने, पण गुलाब गेले ते गेलेच.

पाणी किती घालायचं ते पण आबांच्याच पद्धतीने ठरवा. ते म्हणायचे मातीत बोट घाल, दोन पेरं जाऊ दे, बोटाला ओली माती चिकटली तर घरी जा, कोरडं निघालं तर घाल. पाळी लावली की उत्साहात सगळेच बादल्या ओततात आणि मुळं कुजतात, म्हणून हे पाळीवाल्या प्रत्येकाला प्रत्यक्ष करून दाखवा. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर घाला आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचा थर द्या, पाणी बरंच कमी लागतं.

दुसरं, आज्जींना विचारल्याशिवाय काहीही हलवायचं नाही. आज्जी म्हणा, मुलगा म्हणा, सून म्हणा, ज्यांचं घर आहे त्यांना. बाग ही त्यांच्यासाठी पण आठवणच असते आणि गावाने येऊन काड्या तोडून न्यायला सुरुवात केली तर ते लुटल्यासारखं वाटू शकतं. शांतपणे जाऊन बसायचं, चहा घ्यायचा, काय करायचंय ते सांगायचं आणि त्यांना काय वाटतं ते ऐकायचं. आबांचं खुरपं आणि कात्री शाळेच्या कपाटात ठेवायचं आमच्या मनात होतं, पण नातवाने सांगितलं मी ते वापरणार आहे, आणि ते जास्त चांगलं झालं. खुरप्याचा दांडा बदलला, पात्याला तेल लावलं, आता ते रोज मातीत असतं. हत्यारं कपाटात ठेवली की गंजतात, शक्यतो वापरणाऱ्याच्या हातात द्या.

मग एक वही घेऊन बागेत फिरायचं, दोघांनी, एकाने लिहायचं आणि एकाने बघायचं. प्रत्येक झाडाला नंबर. बरोबर आज्जी असल्या तर फार बरं, कारण आबांना जेवढं माहीत होतं त्यातलं अर्धं त्यांना माहीत असतं आणि त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. आबांच्या पत्र्याच्या डब्यात जुन्या धोतराच्या चिंध्यांत बांधलेल्या बियांच्या पुरचुंड्या निघाल्या, चौतीस, एकीवरही नाव नाही. आम्ही हताश. आज्जींनी एकेक पुरचुंडी उचलली, न सोडता कानाजवळ नेऊन हलवली आणि सांगत गेल्या, ही गवार, हा दोडका, ही अंबाडी, हा घेवडा. आम्ही सोडून बघितल्या तर दोन सोडून सगळ्या बरोबर. तो आवाज मी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवलाय, आज्जींचा पण आणि बियांचा पण. तुम्ही सुद्धा ठेवा. अशा वेळी व्हिडिओ लगेच सुरू करू नका, माणूस अवघडतो, आधी नुसता आवाज घ्या.

झाडांना पाट्या लावाल तेव्हा प्लास्टिकवर मार्करने लिहू नका, एका उन्हाळ्यात अक्षर उडतं. कोल्ड्रिंकचे ॲल्युमिनियमचे कॅन कापून पट्ट्या करा, खाली जुनं मासिक ठेवून बंद पडलेल्या बॉलपेनने दाबून लिहा, अक्षर उठतं आणि वर्षानुवर्षं राहतं. फांदीला तार सैल बांधा, आवळली तर फांदी वाढताना तार आत रुतते.

यानंतरचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. घरोघर जायचं आणि विचारायचं तुमच्याकडे आबांचं काय आहे. पण प्रश्न नीट विचारा. "आबा कसे होते?" असं विचारलं की सगळे म्हणतात फार चांगले होते, देवमाणूस होते, आणि पुढे काही येत नाही. त्याऐवजी झाडापाशी उभं राहून विचारा हे कधी दिलं, कशासाठी दिलं, खड्डा किती घ्यायला सांगितला, मेलं तर काय म्हणाले. मग माणसं बोलतात. एका काकूंनी सांगितलं की त्यांचा मुलगा सैन्यात गेला त्या दिवशी आबा न बोलता येऊन दारात कढीपत्ता लावून गेले, मुलाला कढीपत्त्याची आमटी आवडायची म्हणून. मुलगा आता रिटायर होऊन आलाय, कढीपत्ता छपरापर्यंत गेलाय. अशा गोष्टी वहीत त्या झाडाच्या नंबरपुढे लिहा. आमच्या वहीत ६१ घरं झाली. आबांच्या अंगणातून जे वाळून गेलं होतं त्यातलं जवळजवळ सगळं, तो गावठी गुलाबसुद्धा, कोणा ना कोणाच्या परसात जिवंत होतं.

मग आम्ही ठरवलं, उसनं फेडायचं. सगळ्या घरांना सांगितलं ज्याच्याकडे जे आहे त्याची एक काडी, एक मूठ बी, एक फुटवा परत करायचा. दिवस निवडला आषाढ वद्य चतुर्दशी, म्हणजे संत सावता माळी महाराजांची पुण्यतिथी. माढा तालुक्यातल्या अरणला त्यांची समाधी आहे, मळ्यात काम करता करताच देवाला भजणारा संत, आबा दरवर्षी त्या दिवशी देवळात भजनाला बसायचे. आणि हा दिवस जुलै-ऑगस्टच्या आसपास येतो, पाऊस लागलेला असतो, हवेत ओल असते, काडी लावायला याच्यासारखा वेळ नाही. माणसाच्या तारखेच्या पुण्यतिथीला झाड लावायचा हट्ट धरू नका. आमच्यातल्या काहींनी शोकसभेच्याच दिवशी, मार्चमध्ये, दुपारी बारा वाजता शाळेत वड लावला, फोटो काढले, एप्रिलमध्ये वड गेला. आबा असते तर लावूच दिला नसता.

आता काय कसं लावायचं ते थोडक्यात, जे आम्ही केलं तेच सांगतो.

गुलाब, जास्वंद यांची पेन्सिलीएवढी जाड काडी घ्या, वीतभर, तीन-चार डोळे असलेली, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा सरळ, म्हणजे उलटी लावली जात नाही. निम्मी काडी मातीत जाऊ द्या आणि सावलीत ठेवा. जाईला दाब कलम सोपं, जमिनीजवळची फांदी वाकवून मधल्या गाठीखाली साल थोडी खरवडायची, मातीत दाबायची, वर दगड ठेवायचा, दोन-अडीच महिन्यांनी मूळ धरलं की आईपासून कापायची. पांढऱ्या देवचाफ्याची फांदी मात्र कापल्या कापल्या लावू नका, चीक वाळेपर्यंत आठवडाभर सावलीत आडवी ठेवा, नाहीतर कुजते. कढीपत्त्याच्या बुडाशी फुटवे येतात ते मुळासकट उचला.

बियांचं सांगतो कारण इथे चूक झाली तर वाण कायमचा जातो. आमच्याकडे वाघ्या घेवडा, लाल-तपकिरी रेघांचा, कोरेगाव भागाचा, त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालंय. आबांकडचं बी त्यांच्या वडलांच्या वेळचं होतं असं आज्जी सांगतात. घेवडा स्वतःच्याच परागावर धरतो त्यामुळे वाण सहसा बिघडत नाही. लाल भोपळा, काकडी यांचं तसं नाही, मधमाशी शेजारच्या हायब्रीडचे पराग आणून टाकते. त्यांचं बी धरायचं असेल तर आदल्या संध्याकाळी उद्या उमलणारं एक नर आणि एक मादी फूल दोऱ्याने बांधून ठेवा, सकाळी सोडून नराचे पराग मादीवर लावा, मादी परत बांधा, आणि त्या फळाला खूण करा. मादी फुलाच्या मागे छोटं फळ असतं, त्यावरून ओळखायचं.

बी उगवतंय का ते पेरायच्या आधी बघा. दहा दाणे ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळून घरात ठेवा, ओल राहू द्या, आठवड्याने मोजा. सात-आठ आले तर छान, तीन-चार आले तर तेवढंच जास्त पेरा पण त्याच वर्षी पेरा, पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. साठवताना दाणा खडखडीत वाळलेला पाहिजे, नख लावून बघा, खूण उठली तर अजून ओला आहे. गोवरीची चाळलेली राख चोळून कोरड्या बरणीत, झाकण घट्ट, भुंगा लागत नाही. आणि एकच बरणी एकाच घरी कधीच ठेवू नका. तीन घरी तीन बरण्या. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरातच गावरान बियाणं जपायला सुरुवात केली, पुढे गावोगावच्या बायका त्यात आल्या, २०२० ची पद्मश्री त्यांना मिळाली. त्यांचं काम बघितलं की कळतं याला लॅब लागत नाही, मडकं, राख आणि लक्ष लागतं.

आता आंबा. आबांच्या बांधावर एक जुना रायवळ आहे, खोबऱ्या म्हणतो आम्ही, गर भरपूर आणि खोबऱ्यासारखी चव. लोकांनी आठवण म्हणून कोया नेऊन लावल्या. भावना चांगली पण कोयीतून येणारं झाड तसंच निघेल याची खात्री नसते, खोबऱ्याच हवा असेल तर कलमच करावं लागतं. आमच्या इथल्या रोपवाटिकेतल्या एका काकांनी शिकवलं, कोय कलम. जूनमध्ये ताज्या कोया पाण्यात टाकायच्या, तरंगतील त्या बाजूला काढायच्या, बाकीच्या ओल्या वाळूत रुजवायच्या. कोंब येऊन पानं तांबूस कोवळी असतानाच काम करायचं, पानं हिरवी झाली की उशीर झाला. तिकडे आबांच्या झाडावर तीन-चार महिन्यांची शेंड्याची काडी निवडायची, आठ-दहा दिवस आधी तिची पानं कापायची पण देठ ठेवायचे. देठ आपोआप गळून पडले आणि शेंड्याचा डोळा फुगला की काडी तयार. ती वीतभर कापून खालून दोन्ही बाजूंनी पाचरीसारखी तासायची, रोप कोयीपासून तीन-चार बोटं वर छाटून मधोमध चीर द्यायची, पाचर आत बसवायची, प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळायची. ब्लेड नवं, हात धुतलेले, आणि तासलेल्या भागाला बोट लावायचं नाही. वरून पेप्सीकांडीची रिकामी पिशवी टोपीसारखी घालायची, आत ओल टिकते. सावलीत ठेवा, दोन-तीन आठवड्यात डोळा फुटतो, मग टोपी काढा. आम्ही २० केली, ११ जगली. पहिल्यांदा करताय तर पाच करून थांबू नका, जास्तच करा. आणि बांधावरचं झाड म्हातारं आहे, एखाद्या वळवात पडू शकतं, म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

जागा कुठली, हा प्रश्न येतो आणि तिथेच गावात भांडणं होतात. गायरान किंवा गावठाणातली जागा असेल तर ग्रामसभेत विषय घ्या आणि ठराव लिहून घ्या, तोंडी "लावा की" यावर जाऊ नका, उद्या तिथे शेड यायची असली तर झाडं पहिली जातात. शाळेचं आवार असेल तर शाळा व्यवस्थापन समितीशी बोला. ठरावात एक गोष्ट नक्की घाला, उन्हाळ्यात पाणी कोण घालणार आणि कुठून. नावं लिहा. ते नसेल तर लावूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्याकडे शाळेच्या मागची बाजू मिळाली, हापश्याजवळ, सांडपाणी तिकडेच वळवलं.

आणखी एक काम आहे जे फार कमी गावं करतात. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही करायची असते, म्हणजे गावातली झाडं, वाण, त्यांचे उपयोग आणि ते कोणाला माहीत आहेत. ती नोंदवही मागा. आबांचे वाण, कोणतं बी कुठल्या घरी आहे, आबा कसं पेरायचे हे सगळं त्यात लिहून घ्यायला सांगा. आमच्या वहीच्या झेरॉक्स काढून एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि एक आज्जींकडे दिली. आज्जींना वाचता येत नाही पण त्या वही उशाशी ठेवतात.

फोटो लावू नका असं माझं म्हणणं नाही. लावा, पण हात मातीत असलेला लावा, लग्नातला फेटा घातलेला नको. शहाबादी फरशीच्या छोट्या तुकड्यावर नाव कोरून घेतलंय आम्ही, जाईच्या बुडाशी, एवढंच.

वर्षश्राद्धाला घरचे विधी घरच्यांनी केले. गावाकडून आम्ही एकच केलं, त्या खरिपात सहा घरांनी आबांचा घेवडा पेरला होता, अडीच महिन्यात निघाला, त्यातला बियाण्याचा वेगळा काढून उरलेल्याची आमटी आणि भाकरी. दीडशे माणूस जेवलं. वाढताना आज्जींनी पहिला घास घेऊन बराच वेळ तोंडात धरला, मग म्हणाल्या, "त्योच हाय." जाताना प्रत्येकाला मूठभर बी दिलं, उसनं म्हणूनच, आणि वहीत नाव लिहून घेतलं.

तेव्हापासून गावात कोणाकडे बाळ झालं किंवा नवीन सून आली की शाल-श्रीफळाऐवजी आबांच्या झाडाचं रोप जातं, ते देताना कुठल्या घरातून आलंय ते सांगायचं आणि परत कधी द्यायचं ते पण. पोरांना यात घ्या. चौथीतली पोरं बोट घालून ओल बघायला दोन मिनिटात शिकतात आणि मग मोठ्यांना सांगतात जास्त पाणी घालू नका म्हणून. काही झाडं मरतात, आमचीही मेली, तेव्हा वही उघडायची, दुसऱ्या कोणत्या घरी आहे ते बघायचं आणि पुढच्या आषाढात काडी आणायची.

तुम्ही हे उन्हाळ्यात वाचत असाल तर कलमं-काड्यांचं नंतर बघता येईल, पण आंब्यासाठी खड्डे आत्ताच घेऊन ठेवा, तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल, उन्हात महिनाभर तापू द्या, पहिल्या पावसाआधी चांगलं कुजलेलं शेणखत आणि वरची माती मिसळून भरा, बाभळीच्या काट्या आत्ताच तोडून ठेवा कारण शेळ्यांना ठराव वाचता येत नाही, आणि आज संध्याकाळी तुमच्या गावच्या आबांच्या घरी जाऊन मातीत बोट घालून बघा.